कोयता माझाच, पण तोंड कुठंय?

त्या वर्षीच्या दिवाळी अंकात ऊसतोडीवरचा लेख सोळा पानांचा होता. अख्खा एक फर्मा. फोटो नऊ, त्यातला एक पानभर. पहाटेचं धुकं, मागे उभा ऊस, पुढे एक बाई. पोपटी साडीवर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट चढवलेला, कारण उसाचं पातं हात चिरतं. डोक्याला भगवं फडकं, हातात कोयता, आणि नजर थेट आपल्याकडे. बाई बीड जिल्ह्यातली. फोटो माझ्या मित्राने काढला होता, छपाईसाठी त्याची फाइल मी तयार केली होती.

अंक निघाल्यावर मित्र एक प्रत घेऊन तिच्या गावी गेला. ऊसतोडीच्या टोळ्या निघायची गडबड चालली होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, पत्रे, कडबा, त्यावर पोरं. तशा घाईतही तिने हात पुसले, अंक घेतला, ते पान बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "कोयता तर माझाच हाय. बांगड्या बी माझ्याच. पण तोंड कुठंय?"

मित्राने हे मला फोनवर सांगितलं, तेव्हा माझा अंक समोर टेबलावरच होता. मी तोवर ते पान नीट बघितलंसुद्धा नव्हतं. उघडलं. तोंड खरंच नव्हतं. फडक्याखाली तपकिरीकडून काळ्याकडे गेलेला एक डाग होता आणि डोळ्यांच्या जागी त्याहून थोडे काळे दोन डाग. माझ्या स्क्रीनवर तिच्या दोन्ही डोळ्यांत आभाळाचा एकेक पांढरा कण होता. तो मी स्वतः पाहिला होता, मोठा करून पाहिला होता.

ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. हिशेबात जिला कोयता म्हणून मोजतात त्या बाईचा फोटो छापताना मीही कोयताच तेवढा छापला होता.

नेमकं काय चुकलं हे समजून घ्यायला मला पुढची दोन वर्षं लागली. फोटो कागदावर कसा जातो ते मी त्याआधी शिकले होते, पण फाइल नियमाप्रमाणे बनवली की काम झालं अशी माझी समजूत होती. तीनशे डीपीआय (इंचाला तीनशे पिक्सेल), फोर कलर, चारी बाजूंनी तीन मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा कड), पीडीएफ, पाठवून दिलं. ते सगळं मी केलंही होतं. फाइलमध्ये एकही 'चूक' नव्हती.

पण स्क्रीन स्वतः उजेड टाकतो, कागद टाकत नाही. कागदावर पडलेला उजेड शाईतून आत जातो, पांढऱ्यावर आपटून पुन्हा शाईतून बाहेर येतो, आणि जो उरतो तो आपल्या डोळ्यांत पोचतो. त्यामुळे मासिकातला सगळ्यांत पांढरा रंग म्हणजे कोरा कागद. त्याहून पांढरं काही छापताच येत नाही. आणि छापलेल्या फोटोत खरं तर सलग रंग नसतोच. भिंग लावून बघा, चार शायांचे ठिपके दिसतील: सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा. आर्ट पेपरवर साधारणपणे इंचाला दीडशे ओळी ठिपके बसतात. तीनशे डीपीआयचा नियम तिथून आला आहे, ठिपक्यांच्या ओळींच्या दुप्पट पिक्सेल. उजळ भागात ठिपके बारीक, गडद भागात मोठे, आणि अगदी काळोखात इतके मोठे की एकमेकांना भिडतात.

मुख्य गोष्ट अशी की ठिपका कागदावर पडल्यावर फुगतो. ओल्या मातीत पाण्याचा थेंब पसरतो तसा. चिकण्या आर्ट पेपरवर ५० टक्क्यांचा, म्हणजे निम्मा कागद झाकणारा ठिपका साधारण ६४-६५ टक्क्यांचा दिसतो. मॅपलिथो हा बिनचकाकीचा कागद शाई पितो, तिथे तोच ठिपका ७० च्या पुढे जातो. न्यूजप्रिंटवर आणखी. फाइल सीएमवायकेमध्ये, म्हणजे या चार शायांत, बदलताना आपण जे प्रोफाइल (त्या त्या कागदासाठीचं रंगांचं माप) निवडतो, त्यात हा फुगवटा आधीच धरलेला असतो. आर्ट पेपरसाठी बरेच जण 'फोग्रा ३९' घेतात, बिनचकाकीच्या कागदासाठी 'फोग्रा ४७'. कागद किती फुगवणार आहे ते ओळखून प्रोफाइल ठिपका आधीच तेवढा बारीक करून ठेवतं.

मी नऊच्या नऊ फोटो आर्ट पेपरसाठी बदलले होते. फाइली गेल्यानंतर आठ दिवसांनी ठरलं की कागद परवडत नाही, मधले फर्मे मॅपलिथोवर घेऊ. मला कुणी कळवलं नाही. आणि मीही विचारलं नव्हतं. आता फोटो हातात घेण्याआधी माझा पहिला प्रश्न असतो की कागद कुठला आणि किती जीएसएमचा, म्हणजे किती वजनाचा. काही संपादकांना त्याचा कंटाळा येतो, पण उत्तर मिळेपर्यंत मी फाइलला हात लावत नाही.

पण एवढं म्हणून मला सुटता आलं नाही. त्याच फर्म्यात, त्याच मॅपलिथोवर, एका साखर कारखान्याच्या अधिकाऱ्याचा फोटो होता. गोरा माणूस, केबिनमधला उजेड. तो छान आला होता. जरासा मंद, पण नाक-डोळे-हसू सगळं जागेवर. तेच मशीन, तीच शाई, त्याच दिवशीची छपाई, आणि तीच चूक. मग एकाचा चेहरा राहिला आणि एकीचा बुडाला, असं का?

याचं उत्तर ठिपक्याच्या फुगण्यातच आहे. ठिपका सगळीकडे सारखा फुगत नाही. बारीक ठिपका थोडा फुगतो, मधला सर्वांत जास्त. गोरा चेहरा ठिपक्यांच्या भाषेत वीस-तीस टक्क्यांच्या आसपास असतो. तो आठ-दहाने वाढला तरी माणूस उन्हातून आल्यासारखा दिसतो, एवढंच. सावळा, रापलेला चेहरा नेमका पन्नास ते पंचाहत्तरच्या पट्ट्यात येतो. तिथे फुगवटा सर्वांत जास्त आणि वर जागा सर्वांत कमी. साठ, सत्तर आणि ऐंशी हे तीन वेगळे टोन फुगून जवळजवळ एकच होतात. गाल, गालाची सावली आणि डोळ्याची खोबण या तिन्हींत फरक उरला नाही की चेहरा उरत नाही. म्हणजे निष्काळजीपणा सगळ्यांच्या बाबतीत सारखा केला, तरी त्याची किंमत काळ्या माणसालाच जास्त मोजावी लागते. हे मला कुठल्याच कोर्सात कुणी सांगितलं नव्हतं, आणि कळलं तेव्हा फार लागलं.

अशा गोष्टी मुळापासूनच ठरून गेलेल्या असतात. रंगीत फिल्मच्या काळात लॅबमधली यंत्रं जुळवायला कोडॅकची कार्डं असायची. त्यांना 'शर्ली' म्हणत, कारण पहिल्या कार्डावर त्या नावाची कंपनीतली एक गोरी बाई होती. तिची त्वचा बरोबर आली की यंत्र बरोबर. जगभर कितीतरी वर्षं असं चाललं. वेगवेगळ्या वर्णांच्या बायका एकत्र असलेलं कार्ड आलं ते थेट १९९० च्या दशकात. आपल्याकडचे लग्नाचे जुने अल्बम काढून बघा, सावळ्या नवरीच्या चेहऱ्यावर फक्त नथ आणि दात दिसतात. आपण फोटोग्राफरला बोल लावायचो.

आपल्याकडेही या कामाचा वारसा आहे, आणि तो माझ्या मनाला धीर देतो. कोलकात्यात उपेंद्रकिशोर रायचौधुरींनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाफटोन, म्हणजे ठिपक्यांत फोटो छापायच्या ब्लॉकचं काम सुरू केलं, ठिपके पाडणाऱ्या जाळीचं आणि ठिपक्याचं गणित स्वतः मांडलं आणि त्यावर इंग्लंडमधल्या छपाईच्या वार्षिकात लेख लिहिले. त्यांना ते तंत्र आयतं घेऊन चालवायचं नव्हतं. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी ब्लॉक करत, छपाई करत. लोणावळ्याजवळच्या रविवर्मा प्रेसशीही त्यांचा संबंध होता. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरात दिवाळीला चित्र-फोटोंचं पान येऊ लागलं. ब्लॉकमेकर जस्ताच्या पत्र्यावर ॲसिडने ठिपके कोरायचा तेव्हा एकेका चेहऱ्यापुढे तास घालवायचा. माझ्याकडे माउस आहे, मी तीन मिनिटांत फोटो संपवत होते.

मी शिकले ते खरं एका मशिनमनकडून. ते पुण्यातल्या एका जुन्या पेठेत चार रंगांचं ऑफसेट मशीन चालवतात. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. दिवाळी अंकांची छपाई म्हणजे श्रावण-भाद्रपद. हवेत दमटपणा, कागद पाणी ओढतो, शीट केसभर वाढते आणि मग चार रंग एकमेकांवर नेमके बसत नाहीत. ओठाच्या कडेला मॅजेंटाची किनार डोकावते. काका रिमं उघडून मशीनजवळ आधीच लावून ठेवतात, कागदाला तिथली हवा लागावी म्हणून. एका हाताने शीट ओढतात, दुसऱ्याने भिंग टेकवतात. मी ते पान त्यांच्यापुढे ठेवलं तेव्हा त्यांनी भिंग थेट तिच्या गालावर ठेवलं आणि मला बघायला लावलं. ठिपके नव्हतेच, लगदा होता.

"ताई, काळा बघा किती भरलाय," ते म्हणाले. "चेहऱ्यात काळा एवढा कशाला घातला?"

मी घातला नव्हता, सॉफ्टवेअरने घातला होता. तीन रंगांतला करडा अंश काढून त्याजागी काळी शाई टाकायची अशी एक सोय असते. शाई वाचते, रंग स्थिर राहतो. अक्षरांना, इमारतींना ती चांगली. पण माणसाच्या कातडीत काळी शाई लवकर शिरली की काजळी धरल्यासारखं दिसतं. सावळा रंग हा काळ्याने बनत नाही. तो पिवळा, मॅजेंटा आणि त्यांच्या मागे उभा राहिलेला सायन यांनी बनतो. पिवळा मॅजेंटापेक्षा थोडा पुढे, सायन मॅजेंटाच्या साधारण निम्म्यावर, रापलेल्या कातडीत जरा जास्त. काळ्याने फक्त नाकपुड्या, पापण्यांची कड, केस एवढं धरायचं. गव्हाळ, निमगोरा, सावळा, काळासावळा, तांबूस काळा, इतके शब्द आपल्या भाषेत आहेत. ज्याच्या भक्तीत निम्मा महाराष्ट्र चालत जातो तो देवही सावळाच. आणि छापताना मात्र सगळ्यांना एकच गडद पट्टा.

चार शायांची बेरीजही काकांनीच डोक्यात पक्की बसवली. चारी शंभर टक्के असतील तर बेरीज ४००. आर्ट पेपरवर ३०० ते ३३० पर्यंत चालतं. मॅपलिथोला काका २६० च्या वर नको म्हणतात. त्यापुढे शाई वाळत नाही, वरच्या शीटच्या पाठीला लागते. तिच्या गालाच्या सावलीत माझी बेरीज ३१० होती.

एका गोष्टीबद्दल मला स्पष्ट लिहायचं आहे. 'फोटो अंधारा येतो' म्हटलं की या धंद्यात एकच उपाय सांगतात: "जरा गोरं करा." डीटीपी करणारा कर्व्ह उचलतो, चेहरा फिकट होतो, सगळे खूश. लेखकांचे पासपोर्ट फोटो, दिवंगतांवरच्या लेखातले फोटो, सगळ्यांवर तोच हात फिरतो. मी असे कितीतरी चेहरे पाहिले आहेत ज्यांना त्यांच्या माणसांनी ओळखलं, पण क्षणभर थांबून ओळखलं. एका स्मृतिलेखासाठी आलेल्या फोटोत आजोबांचा रंग असा धुऊन काढला होता की त्यांची नात म्हणाली, आजोबा असे आजारी कधीच दिसत नव्हते. चेहरा बुडवणं आणि चेहरा धुणं यांत मला फार फरक वाटत नाही. दोन्हीत ते माणूस नाहीसं होतं.

दोन वर्षांनी त्याच विषयावर दुसऱ्या एका अंकात लेख ठरला. मी मित्राकडे तोच फोटो मागितला, पण मूळ रॉ फाइल, कॅमेऱ्यातून निघते तशी. यावेळी आधी विचारलं. कागद मॅपलिथो, ८० जीएसएम, आणि तो बदलणार नाही असं संपादकांकडून वदवून घेतलं.

पहिलं काम माझ्या स्क्रीनचं. तो इतका झगझगीत ठेवलेला होता की त्यावर कुठलीही सावली उघडीच दिसायची. उजेड उतरवला, शंभर कँडेलाच्या आसपास आणला, खोलीतला दिवा पांढरा केला. फोटो एकदम खाली गेला. म्हणजे इतकी वर्षं मी खोट्या उजेडात बघत होते.

मग ठरवायचं होतं की काय सोडायचं. कागदावर जेवढं मावतं त्यापेक्षा फोटोत नेहमी जास्त असतं. भगवं फडकं स्क्रीनवर पेटल्यासारखं दिसायचं. चार शायांत तो भगवा निघतच नाही, मॅपलिथोवर तर नाहीच. साडीचा पोपटी तसाच. पहिल्या वेळी मी हे दोन रंग वाचवायला फोटोभर झटले होते, आणि त्यात चेहऱ्याचं काय होतंय ते बघितलं नव्हतं. यावेळी ते जाऊ दिले. फडकं विटकरीकडे झुकलं, साडी पानासारखी झाली. धुक्याचं आभाळ कोऱ्या कागदाइतकं पांढरं होतं, त्याला सहा-सात टक्क्यांचा हलका टोन दिला. आभाळ किंचित उतरलं की चेहरा न उजळताही पुढे येतो. डोळा शेजारच्या गोष्टीवरून ठरवतो.

चेहऱ्यात मात्र दोन संध्याकाळी गेल्या. उजेडाकडचा गाल जिथे होता तिथेच ठेवला, एका टक्क्याने वर नेला नाही. सावलीकडचा गाल आणि डोळ्याची खोबण यांच्यातलं अंतर वाढवलं, म्हणजे फुगल्यावरही दोघांत काहीतरी उरेल. काळ्याची प्लेट वेगळी उघडून तिथला काळा जवळजवळ अर्धा काढला, आणि त्याजागी सायन-मॅजेंटा थोडे भरले, बेरीज २६० च्या आत ठेवून. धार (शार्पनेस) वाढवली ती पापण्या, केस आणि कोयत्याच्या पात्यापुरती. कातडीवर धार वाढवली की छिद्रंछिद्रं दिसतात.

तरी स्क्रीनवर विश्वास बसेना. काका म्हणाले, एका कामाची मॅपलिथोची शीट आहे, कडेला चार बोटं पट्टी रिकामी कापून जाते, त्यात टाकू. त्या पट्टीत मी तिच्या चेहऱ्याचे पाच तुकडे बसवले, पाच वेगवेगळ्या मोजमापांचे. दुपारी शीट निघाल्यावर ट्यूबलाइटखाली दुसरा तुकडा छान वाटत होता. काकांनी ती बाहेर ओट्यावर नेली, ढगाळ उजेडात. तिथे दुसरा तुकडा तांबूस निघाला आणि चौथा खरा. "उद्या परत बघा," ते म्हणाले, "वाळल्यावर अजून बसेल." दुसऱ्या दिवशी चौथाही जरा मेला होता. चौथा आणि पाचवा यांच्या मधलं माप घेतलं.

बाकीचे आठ फोटो पटापट झाले. त्यातले तीन व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले, सोळाशे पिक्सेलचे. आमच्या पानाला उभे एकोणतीसशे लागतात. त्यांना पाव पानापेक्षा जास्त जागा देऊ नका असं सांगितलं आणि एकाचं मूळ मागवलं. 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' हे वाक्य मी सप्टेंबर महिन्यात दिवसातून दहादा बोलते.

छपाईच्या रात्री मी तिथे होते. पहिल्या शंभर-दीडशे शीट पाणी आणि शाईचा मेळ बसेपर्यंत वाया जातात, त्या बाजूला पडल्या. मग काकांनी एक शीट ओढली, भिंग टेकवलं, आणि काही न बोलता भिंग माझ्याकडे दिलं. उजव्या डोळ्यात, काळ्या आणि सायनच्या गर्दीत, कागदाचा एक कण कोरा राहिला होता. मी शीटवर सही केली.

अंक आला तेव्हा ती गावी नव्हती. कोल्हापूरच्या बाजूला उसाच्या एका फडाजवळ त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहिल्या होत्या. मित्र तिकडे जाणारच होता, तो अंक घेऊन गेला. संध्याकाळी मोळ्या भरून झाल्यावर तिने तो बघितला. शेजारच्या कोपीतल्या बायका गोळा झाल्या, त्यांनी लगेच ओळखलं, नाव घेऊन चिडवलंही. ती मात्र बघत राहिली. मग मित्राला म्हणाली, "इतकी थकल्यावानी दिसती का मी?"

त्याला काय उत्तर द्यावं सुचलं नाही. मलाही फोनवर सुचलं नाही. रात्री मी फाइल उघडून तिच्या डोळ्यांखालच्या जागेवर माप घेतलं. सायन ४१, मॅजेंटा ६२, पिवळा ६८, काळा १८. तिथली ती रेघ मी वाढवलेली नव्हती. रॉ फाइल काढून पुन्हा ताडून बघितलं. तिथेही ती तेवढीच होती. पहिल्या अंकात ती लगद्यात बुडाली होती, म्हणून कुणाला दिसली नव्हती.

आठवड्याने मित्राचा निरोप आला. तिला तो फोटो हवा होता, मुलीच्या शाळेच्या वहीत ठेवायला, पोस्टकार्डाएवढा. त्यासाठी फाइल पुन्हा नव्याने करावी लागते. फोटोपेपर शाई पीत नाही, तिथे भगवा बराचसा परत येतो. मित्राने विचारलं, डोळ्यांखालचं जरा काढू का, तिला बरं वाटेल. मी म्हटलं, तिलाच विचार. त्याने विचारलं. ती म्हणाली, राहू दे, पोरीला कळंल.